सुटलेलं मुंगूस

माणसाला खुराड्याला कडी लावायचं सुचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. भर दुपारी भुरी कोंबडी आपल्या सात पिल्लांना गोष्ट सांगत होती. गोष्टीतल्या मुंगसाने एक पिल्लू पळवलं, खाल्लं आणि मिशा पुसत ते उसात निघून गेलं.

"मग?" पिल्लं ओरडली.

"मग काही नाही. संपली."

"असं कसं गं आये? त्याला विहिरीत पाड ना!"

"मी कोण पाडणारी? ते गेलं निघून."

शेजारची काळी कोंबडी फणकारली, "कसली मेली गोष्ट ही! माझ्या गोष्टीत मुंगूस रोज मरतं. पोरं कशी गाढ झोपतात बघ." आणि तीही पोरांसोबत घोरायला लागली.

भुरीची पिल्लं मात्र रागाने टक्क जागी. "उसात गेलं म्हणजे आहेच ना कुठंतरी!" असं म्हणत धाकटं खुराड्याच्या फटीतून बघत बसलं. तेवढ्यात काळीच्या पिल्लांकडे खरंच एक मुंगूस सरपटत येताना त्याला दिसलं.

"आलं गं, गोष्टीतलं आलं!"

सातही पिल्लांनी असा कालवा केला की काळी दचकून उठली. तिने मुंगसाच्या नाकावर चोच हाणली आणि ते शेपूट फुगवून पळालं. पिल्लं नाचायला लागली. धाकटं तेवढं रुसलं, "पुन्हा सुटलं की गं!"

काळीने आपली पिल्लं पंखाखाली ओढली. सगळी होती. मग ती म्हणाली, "भुरे, उद्यापासून माझी पोरं तुझ्याकडेच गोष्ट ऐकायला पाठवते. पण ते मुंगूस सुटलेलंच ठेव हं बाई."