सोड्याच्या बाटलीची कड

“...मग आज माझा उपवास आहे म्हणून सांगू का, बाबा? निर्जळी?”

त्र्यंबकरावांनी लिंबनाथबाबांना विचारलं. बाबांच्या पुढ्यात सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. एक उचलायची, उपडी करून उरलासुरला थेंब झाडायचा, क्रेटमध्ये ठेवायची. सकाळपासून हेच चाललेलं.

टेकडीवर देवीला येणारी माणसं सोडा पीत आणि बाटली तिथंच झाडीत भिरकावत. काचा होत. अनवाणी चढणाऱ्यांचे पाय कापत. शेवटी गावानं ठरवलं की बाटलीमागं पाच रुपये अनामत घ्यायची, आणि रिकामी बाटली पायथ्याशी आणून दिली की पैसे परत करायचे. बाटल्या घेणार कोण? तर बाबा. ते तसेही दिवसभर पायथ्याच्या चिंचेखाली बसलेलेच असत.

त्र्यंबकरावांना मनातून हे रुचत नसे. जुने शिष्य होते, पण फार सोवळे. बाबांपासून हातभर लांब, स्वतःच्या धाबळीवर बसायचे. गुरूनं गावाचं उष्टं हाताळावं, हे त्यांना बघवत नसे.

पण आज त्यांचं दुखणं वेगळं होतं.

मुलगा श्रीरंग इथंच गावात राहायचा. त्यानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून त्र्यंबकरावांनी त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. आता त्याला मुलगी झाली होती. आज दुपारी बारसं. मुलाचा निरोप आला होता, आप्पा, जरूर या, पण तुमच्या सुनेच्या, वनिताच्या हातचं घोटभर पाणी प्यावं लागेल. दारातून आशीर्वाद देऊन परतायचं असेल तर येऊ नका.

नात बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. पाणी घशाखाली उतरणार नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून गुरूच्या तोंडून एखादा उपवास मिळाला, तर सुनेलाही काही बोलता येणार नाही, असा त्यांचा हिशोब.

“उन्हाचा चालत आलास,” बाबा म्हणाले. “आधी पाणी पी.” आणि माठाकडं बोट केलं.

“माठ सगळ्यांचा आहे, बाबा... मी सोडा घेतो. तो बंद असतो. कुणाचा हात नाही लागत.”

शेजारीच ठकूबाईचा सोड्याचा गाडा होता. तिनं बाटलीच्या तोंडातली काचेची गोळी आत ढकलली आणि बाटली दिली. त्र्यंबकराव वरून ओतून प्यायला गेले, तो फेस नाकात गेला.

“तोंड लावा, आजोबा. चावत नाही तो.”

लावलं तोंड. एका दमात बाटली रिकामी. वर लांबलचक ढेकर. चेहरा जरा उजळला. मग बाबांना सांगू लागले की तरुणपणापासून जेवणावर सोडा घेतो आहे. बाहेरचं चालतं ते एवढंच, ह्याला कसला विटाळ म्हणून नाही.

बाबांनी हात पुढं केला. बाटली घेतली. तिच्या तोंडाची कड झिजून पांढरी पडली होती. बाबांनी त्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. सगळीकडून.

“ठकू, ही बाटली नवी का गं?”

“नवी कुठली, बाबा. ह्याच तर फिरतात. इथनं कारखान्यात, धुऊन भरून पुन्हा इथं. काही तर माझ्या लग्नाच्या आधीच्या असतील.”

बाबांनी ती बाटली क्रेटमध्ये ठेवली. ढिगातली दुसरी तिच्या शेजारी ठेवली. मग तिसरी... आता त्यातली आपली कुठली, हे त्र्यंबकरावांना ओळखू येईना.

मघाशी एक धनगर बाटली देऊन गेला होता. त्याच्या आधी बांगड्या विकणारी बाई. तिच्याही आधी कोण कोण...

त्र्यंबकरावांचा हात ओठ पुसायला वर गेला. अर्ध्यावरच थांबला.



मग त्यांचं पोट हलू लागलं. ठकूबाईला वाटलं, म्हाताऱ्याला उचकी लागली. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“उभा जन्म विटाळ होतोय, बाबा... आणि मी वर ढेकर देतोय.”

बाबांनी अनामतीचं नाणं पुढं केलं. एरवी खाली ठेवा म्हणणाऱ्या त्र्यंबकरावांनी हात पसरला आणि ते तळहातावर घेतलं. रात्रभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. श्वास पोटापर्यंत पोचत होता.

सूर्य डोक्यावर आला होता. त्यांनी घाईघाईनं धाबळी काखेत मारली, गावाच्या वाटेला लागले, आणि चार पावलं जाऊन परत फिरले.

“पण बाबा... सुनेला सांगू काय?”

बाबांनी पुढची बाटली उपडी केली. थेंब झाडला.

“तहान लागलीय म्हण.”