जावयाच्या हातातली कातर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. त्याच्या राज्यातल्या एका मेंढ्याची हकीकत मात्र लोक अजून सांगतात, म्हणून तीच ऐका.

राज्याच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर एक म्हातारा धनगर राहायचा. लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच्याकडे एकच कातर होती. हातभर लांब दोन पाती आणि मधे मळसूत्राचा एक खिळा.

एके वर्षी ऐन कातरणीच्या तोंडावर म्हातारा कड्यावरून घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. मग मुलगी आणि जावई मदतीला आले. जावई शेतकऱ्याच्या घरचा, अंगाने धट्टाकट्टा, पण कातर त्याने कधी हातात धरली नव्हती.

आता त्या मुलखाची एक रीत सांगायला हवी. तिथे सासऱ्याने जावयाला उणा शब्द बोलायचा नसे. जावई चुकीच्या वाटेने निघाला, तरी सासऱ्याने "ही वाट जरा लांबची पडंल" एवढंच म्हणायचं.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने जावयाला समोर बसवलं.

"जावईबापू, आधी खिळा सोडा. दोन्ही पाती येगळी करा. आत लोकर अडकली असंल ती फडक्यानं पुसा. मग करडईच्या तेलाचं दोन थेंब."

जावयाने तसं केलं.

"आता खिळा आवळा. एक पातं आडवं धरा, दुसरं उचला आन् सोडून द्या. सरळ खाली पडलं तर खिळा ढिला. जागचं हाललं न्हाई तर लई आवळला. अर्ध्यावर येऊन थांबलं, की झालं."

पातं अर्ध्यावर थांबलं. म्हाताऱ्याने लोकरीची एक बट ओली करून दिली. कातरीने ती आवाज न करता कापली.

"दर दहा मेंढरांमागं कातर पुसायची, तेल घालायचं. पातं गालाला लावून बघायचं. गरम लागलं तर थांबायचं. एवढंच हाय बघा."

तीन दिवस जावयाने सगळं नीट केलं. चौथ्या दिवशी त्याचा हात बसला आणि हात बसला की माणसाला अक्कल फुटते, तशी त्यालाही फुटली. त्याने कातरलेल्या लोकरीत बोटं घातली. बोटं तेलकट झाली.

"मामा, लोकरीलाच येवढं तेल हाय," तो म्हणाला. "कातरीला आनखी येगळं कशाला?"

म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "लोकरीच्या तेलात माती पन असती, जावईबापू."

जावई हसला. त्या दिवशी त्याने तेलाच्या बुधलीला हात लावला नाही आणि चाळीस मेंढ्या कातरल्या. संध्याकाळी बायकोने त्याचं कौतुक केलं. म्हाताऱ्याने न उघडलेली बुधली उचलून कातरीशेजारी ठेवली.

पाचव्या दिवशी कातर कुरकुरू लागली. सहाव्या दिवशी अडकू लागली. जावयाने खिळा एक फेरा आवळला. थोडी चालली, पुन्हा अडकली. त्याने आणखी एक फेरा आवळला.

"कातर आज दमल्यावानी वाटतीया," म्हातारा म्हणाला.

"वय झालं तिचं, मामा," जावई म्हणाला.

सातव्या दिवशी दुपारी कळपाचा म्होरक्या मेंढा खाली बसला तो उठेना. जन्मला त्याच दिवशी त्याची आई मेली होती. म्हाताऱ्याच्या मुलीने त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. तिने त्याच्या मांडीवरची लोकर चाचपली. गुठळी होऊन लोकर चामड्यासारखी घट्ट झाली होती आणि खालून वास येत होता.

"आबा, अळ्या पडल्यात," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. जखम जांघेपर्यंत गेली होती. तिथली कातडी पानासारखी पातळ असते. लोकर काढल्याशिवाय औषध पोचणार नव्हतं आणि सूर्य मावळेपर्यंत औषध पोचलं नाही तर अळ्या पोटात उतरणार होत्या. दुसरी कातर दोन दिवसांच्या वाटेवर होती.

मुलीने मेंढ्याचं डोकं मांडीवर धरलं. जावयाने कातर चालवली. कातरीने लोकर कापली नाही, चावली. गुठळीबरोबर कातडी वर ओढली गेली आणि मेंढा लाथा झाडू लागला.

"अवं, हळू," बायको म्हणाली.

"धर नीट त्याला."

त्याने खिळा पुन्हा आवळला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पाती एकमेकांवर घासली, तापली. गरम पातं उघड्या कातडीला टेकलं तसा मेंढा कळवळून उसळला. कातडीचा बोटभर तुकडा पात्यांत सापडला आणि भळाभळा रक्त वाहू लागलं. जावयाच्या कपाळावर घाम आला. तरी त्याने कातर पुन्हा उचलली. आता टोक जांघेकडे होतं.

"थांब."

तो आवाज म्हाताऱ्याचा होता. मुलीने चमकून वर पाहिलं. तिच्या बापाने जावयाला आजवर एकेरी हाक मारली नव्हती.

"जावई म्हनून चार दिस तोंड शिवून बसलो, ती माझी चूक झाली. आता शिकाऊ गडी म्हनून ऐक. कातर खाली ठेव. खिळा सोड."

"मामा, येळ न्हाई. दिवस कलला."

"म्हनूनच सोड."

जावयाने खिळा सोडला. पात्यांच्या मधे लोकर, माती आणि चिकटा यांचा काळा थर बसला होता. जावई तो नखाने खरवडायला लागला. मेंढ्याचा श्वास धाप लागल्यासारखा येत होता. डोंगराची सावली गोठ्याच्या कुंपणाला टेकली. जावयाला वाटलं, अर्धंच पुसावं आणि लागावं कामाला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नाही अशी मान हलवली. त्याने सगळं पुसलं.

दोन थेंब तेल. खिळा. पातं उचलून सोडलं, ते तसंच राहिलं. त्याने खिळा थोडा सैल केला. पातं धाडकन खाली पडलं. तिसऱ्या वेळी पातं अर्ध्यावर येऊन थांबलं. मग त्याने ते गालाला लावलं. थंड होतं.

कातर लोकरीत शिरली आणि या वेळी मेंढा हलला नाही. गुठळी अख्खी सुटून बाजूला पडली. मुलीने एकेक अळी वेचली, म्हाताऱ्याने डाव्या हाताने कडुनिंबाचं तेल आणि हळद भरली. शेवटची अळी निघाली तेव्हा उन्हाची एक पट्टी तेवढी कुंपणावर उरली होती.

मेंढा जगला. पण जिथे कातडीचा तुकडा गेला होता, तिथे पुन्हा लोकर उगवली नाही. दर वर्षी कातरणीला तो मेंढा समोर आला, की जावयाची कातर त्या उघड्या डागापाशी थांबायची.

मेंढा वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हातारा संकोचून म्हणाला, "काल बोलन्याच्या भरात जास्त बोललो, जावईबापू. मनावर घेऊ नगासा."

जावई अंगणात बसून कातर पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"मामा, कातर हातात असंल तवा मला तूच म्हना," तो म्हणाला. "आन् पहिल्याच दिवशी म्हना."

तात्पर्य : हत्याराची निगा राखायला ज्याला वेळ नसतो, त्याच्या घाईची किंमत दुसऱ्याच्या अंगाला मोजावी लागते.