तिसरी भरती

खूप जुनी गोष्ट आहे, लेकरांनो. इतकी जुनी, की तेव्हा दर्या आजच्यापेक्षा शंभर पावलं मागं होता आणि किनाऱ्यावरच्या विहिरीला गोड पाणी होतं.

त्या किनाऱ्यावर एक गाव होतं. गाव आणि दर्या यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब टेकडी, आणि टेकडीभर पसरलेली मर्यादवेल. जांभळी फुलं, बकरीच्या खुरासारखी पानं. ना तिची भाजी होते, ना तिचं सरपण. पण गाठीगाठीला मूळ सोडून तिनं ती टेकडी धरून ठेवली होती, बाई डोक्यावरची घागर धरते तशी. जोर दिसत नाही, पण हात सुटत नाही. टेकडीच्या पोटात पावसाचं पाणी मुरायचं आणि तेच मागच्या विहिरीत उतरायचं. सगळ्या गावाला विहीर ती एकच.

पावसाळ्यात लाटा वेल तोडायच्या. भाद्रपदात दर्या निवला, की तुटलेली टोकं पुन्हा वाळूत दाबायची. हे काम गावात एकाच घराकडं होतं आणि सासूकडून सुनेकडं जायचं. आपल्या गोष्टीतली सून म्हणजे आवडी.

आवडी कामाला कधी मागं सरली नाही. पण विहिरीवर शेजारणी तिला टोमणे मारायच्या. म्हणायच्या, आमच्या परड्यात भोपळे लागतात, आवडीच्या वाट्याला जन्मभर वाळू. आवडी हसून घागर उचलायची. पण ते बोलणं डोळ्यात गेलेल्या वाळूसारखं दिवसभर खुपायचं.

त्या गावाचा एक रिवाज होता. दर्या काय काय आणून टाकतो. एखादं फळकूट, नारळ, कधी कुणाचं भांडं. त्याला लगेच हात लावायचा नाही. पडलं तिथंच राहू द्यायचं आणि तीन भरत्या थांबायचं. तिन्ही भरत्यांत दर्यानं परत नेलं नाही, तर ते गावाचं. नेलं, तर ते त्याचं. त्यावर रडायचं नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी आवडी वेल दाबत होती. तिला वाळूत एक रोप दिसलं. मुळांसकट आलेलं, कोवळं, टोकाला एकच पिवळं फूल. असलं झाड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या मनात आलं, मलाही काहीतरी फळणारं लाभावं.

दुपारची भरती रोपापासून चार हातांवरून परतली. रात्रीची हातभरावरून. दुसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण. आवडी तिथंच उभी होती. लाट पुढं पुढं येत थेट रोपाशी आली, मुळाखाली पाणी शिरलं, रोप हललं.

आवडीनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं रोप उचललं आणि हातभर वर ठेवलं. हातभरच.

घरी सासू जाळं सांधत बसली होती.

"आवडे, तिन्ही भरत्या झाल्या?"

"झाल्या, आत्याबाई."

"आणि दर्यानं नेलं नाही?"

"नाही नेलं."

म्हातारीनं सुनेच्या लुगड्याकडं पाहिलं. ते गुडघ्यापर्यंत ओलं होतं. मग तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

रोप टेकडीवर लागलं. दोन पावसांत ते घराच्या वर गेलं. त्याच्या सावलीत बायका मासळी निवडायला बसू लागल्या. टोमणे मारणाऱ्याच आता सरपणासाठी आवडीशी गोड बोलू लागल्या. गाव त्याला आवडीचं झाड म्हणायचं आणि तिला ते ऐकायला बरं वाटायचं. वेल दाबायला ती एक वर्ष उशिरा गेली, पुढच्या वर्षी गेलीच नाही. झाड उभं आहे की, म्हणाली.

झाडाचं बी पडत गेलं. दहा वर्षांत सगळी टेकडी त्याच झाडांनी काळोखली. खाली वाळल्या पानांचा जाड थर. त्याखाली वेलीला ऊन मिळेना. आधी जांभळी फुलं गेली, मग फुलांवरचे भुंगे, मग वाळूत बिळं करणारे खेकडे. कुणाच्या ध्यानात आलं नाही. भांडून गेलेलं माणूस आठवतं, न बोलता उठून गेलेलं कुणाला आठवतंय?

त्या टेकडीवर दर माघात एक कासवीण अंडी घालायला यायची. त्या वर्षी ती उजाडता उजाडता आली. इथं खणलं, मूळ लागलं. तिथं खणलं, मूळ लागलं. आवडीला पाहून ती थांबली.

"बाई, माझ्या आईनं मला इथल्याच वाळूत ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता जिथं खणावं तिथं याचीच मुळं. माझ्या पोटातलं मी कुठं ठेवू?"

आवडीनं हातानं पाला सारून पाहिला, खाली मुळंच होती. कासविणीनं खाली ओल्या वाळूत अंडी घातली आणि ती निघून गेली. दुपारच्या भरतीनं अंडी नेली. दर्यानं नेलं ते त्याचं, त्यावर रडायचं नाही. आवडी रडली.

घरी येऊन तिनं सासूला हातभराची गोष्ट सांगितली.

"ठाऊक होतं मला," म्हातारी म्हणाली. "तुझं लुगडं ओलं होतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं, पोरी. म्हटलं, हातभराचं तर आहे."

दोघी कोयते घेऊन निघाल्या. गावानं त्यांना वाटेतच अडवलं. झाड तुझं असेल, पण सावली आमची आहे, असं लोक म्हणाले. दोघी कोयते घेऊन परत आल्या.

त्या पावसाळ्यात दर्या खवळला. झाडांची मुळं उथळ होती. एकेक झाड उलथलं आणि आपल्याबरोबर ढिगानं वाळू घेऊन गेलं. उरलेली वाळू धरायला वेल नव्हती. तिसऱ्या दिवशीची भरती विहिरीत उतरली.

पाऊस सरल्यावर बायकांनी पाणी काढलं. पहिला घोट आवडीनंच घेतला. तिनं घागर खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की तिसऱ्या भरतीत दर्या रोप न्यायला आला होता, मी नेऊ दिलं नाही. कुणी तिला बोल लावला नाही. सावली सगळ्यांनीच घेतली होती.

पुढं गाव डोंगराच्या झऱ्यावरून पाणी आणू लागलं. आवडीला खडकाच्या कोपऱ्यात वेलीचं एक टोक जिवंत सापडलं. दर भाद्रपदात ती त्याच्या गाठी वाळूत दाबायची आणि त्या झाडाची रोपं उपटायची. ती मेली तेव्हा वेल अंगणाएवढी झाली होती. विहीर मात्र अजून खारीच आहे. कासवीणही पुन्हा कुणाला दिसली नाही.

म्हणून सांगते, जी जागा आपण घडवली नाही, ती एकाची काढून दुसऱ्या कुणाला देऊन टाकण्याचा हक्क आपला नाही, हातभरसुद्धा नाही.