तीन वेळा ‘नाही’ लिहिणारा मोजणीदार

एक होता राजा. त्याच्या राज्यात बारा परगणे. अकरा परगणे राजवाड्याच्या गच्चीवरून दिसायचे. बारावा काही दिसायचा नाही. तिथे जायला उंटावरून एकवीस दिवस लागायचे. त्या परगण्याचं नाव वाळवट.

मुक्ते, पाय आत घे बघू. हां.

तर वाळवटात सगळीकडे वाळू. वाळूच्या टेकड्या, आणि त्या टेकड्या चालायच्या, बरं का. वारा आला की रोज वीतभर पुढे. एका बाजूला खारं तळं, त्याचं पाणी जनावरसुद्धा तोंडात घेत नसे. पाऊस तीन वर्षांतून एकदा यायचा, तोही घाईघाईने. गाव एक, गावाबाहेर हाकेच्या पलीकडे विहीर एक, आणि विहिरीपाशी शमीचं झाड एक.

मग एकदा काय झालं, कारभारी राजाला म्हणाला, “महाराज, तिथे नुसती वाळू आहे. माणसं उठवून इकडे आणा आणि परगणा खोडून टाका.” त्याला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तो कधी वेशीबाहेर गेला नव्हता.

राजा वाईट नव्हता, पण उतावळा होता. त्याने गुणाजीपंत मोजणीदाराला बोलावलं. म्हणाला, “तीन गोष्टी बघून या. पाणी, सावली आणि रस्ता. यातलं काहीच नसेल तर उन्हाळ्याच्या आत गाव उठवू.”

वाळवटात धुरपदा नावाची बाई होती. विहीर तिच्या ताब्यात. ती विहिरीवर काटेरी फांद्या झाकायची, उन्हाने पाणी पिऊ नये म्हणून, आणि घरटी रोज एक घागर द्यायची. तिचा जन्म तिथला, नवरा तिथेच गेलेला. दुसरीकडे राहायचं तिच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

राजाचा माणूस येतोय म्हटल्यावर गावाला कोण आनंद झाला. हौसेला मोल नाही. बायकांनी केरसुण्या घेतल्या आणि गावापासून पार टेकडीपर्यंत वाट झाडून काढली. मग पंत आले, सात उंट घेऊन. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. उंट भुकेले, म्हणून शमीचा सगळा पाला तोडून त्यांना घातला. पंत धुळीने माखलेले, म्हणून त्यांना आंघोळीला पाणी दिलं, त्यांच्या माणसांना दिलं, उंटांना दिलं. शेवटी पोहरा वर आला तो चिखल घेऊन.

मग पंत जेवले, झोपले. तेवढ्यात बायकांनी उंटांच्या पावलांची वाट परत झाडून काढली. पंत उठले आणि वही घेऊन निघाले. विहिरीत डोकावले. लिहिलं, ‘पाणी नाही’. झाडाकडे बघितलं, नुसत्या काटक्या. लिहिलं, ‘सावली नाही’. वाटेवर बघितलं तर एक पाऊल उमटलेलं नाही. लिहिलं, ‘रस्ता नाही’. आणि गावाला म्हणाले, “तिन्ही नाहीत, आता गाव उठवावं लागणार.”

धुरपदाची जाऊ तिला कोपराने ढोसायला लागली. “अगं, सांग की त्यांना. आठ दिवसांत विहीर भरते म्हणावं.”

धुरपदा गप्प. तिकडे रीतच अशी होती की पाहुण्याला दिलेलं बोलून दाखवायचं नाही. ती जावेला म्हणाली, “दिलेलं मोजून दाखवलं तर ते दिलं कसलं?” आणि आत जाऊन तिने तोंडाला पदर लावला. रडली गं बिचारी. गाव जाणार हे तिला कळत होतं.

पंत परत निघाले. दुपारी वारा सुटला. वाळू अशी उडाली की माणसं एकीकडे, उंट एकीकडे आणि पंत एकटेच तिसरीकडे. वाट शोधायला गेले, तर वाट कुठली? झाडलेली ना. फिरून फिरून ते गावाकडेच आले होते, पण त्यांना ते कळेना. ऊन तर असं, की जीव जायची वेळ आली.

मग त्यांना ते शमीचं झाड दिसलं. झाडाने आपल्या काटक्या जवळजवळ घेतल्या आणि सुपाएवढी सावली केली. झाड म्हणालं, “बस. पाला तुझ्या उंटांनी खाल्ला, एवढीच उरली.” झाडाला कुठली आली रीतभात, त्याने सरळ सांगून टाकलं.

मग पखुर्डी आली. तो तिथला एक पक्षी असतो, पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांना पाणी नेतो. ती पंतांच्या ओठांवर बसली. चार थेंब पडले. म्हणाली, “विहीर तुझ्या अंगावरून वाहून गेली. हे विहिरीच्या तळचं आहे, माझ्या पिल्लांचं.”

मग वाळूची टेकडी आली. एरवी वीतभर चालणारी, पण आज तिने पदर खोचला होता. “रस्ता तुझ्यासाठीच झाडला होता रे,” ती म्हणाली. “चल, बस पाठीवर.” आणि तिने त्यांना नेऊन धुरपदाच्या दारात उतरवलं.

धुरपदाने काही विचारलं नाही. गाडग्याच्या तळाला घोटभर पाणी होतं, ते पुढे केलं. पंत अर्धं प्यायले आणि अर्धं त्यांनी परत दिलं. “हे तुम्ही घ्या, बाई.”

धुरपदा ते प्यायली. मग म्हणाली, “एका भांड्यातलं प्यायलो. आता तुम्ही पाहुणे नाही, घरचे झालात. घरच्या माणसाला सगळं सांगता येतं.” आणि मग सांगितलं हो तिने सगळं.

पंत आठ दिवस राहिले. विहीर भरलेली बघितली. शमीला कोवळी पालवी फुटलेली बघितली. हरवलेली माणसं आणि उंट गावाने शोधून आणले, त्यांच्या पावलांची वाट उमटलेली बघितली. मग राजाकडे गेले.

राजाने वही उघडली. “अहो, यात तर तीन वेळा ‘नाही’ लिहिलंय.”

पंत म्हणाले, “महाराज, पाणी होतं, मी अंगावर ओतून घेतलं. सावली होती, माझ्या उंटांनी खाल्ली. रस्ता होता, तो माझ्यासाठी झाडला होता. ‘नाही’ लिहिलं ते मी, पण नाहीसं केलं तेही मीच.”

राजाने वहीतलं ते पान फाडलं. हुकूम काढला की वाळवट आहे तिथेच राहील, आणि इथून जो कोणी तिकडे जाईल त्याने दोन पखाली न्यायच्या. एक पखाल आपल्या पिण्याला आणि एक धुरपदाच्या विहिरीत ओतायला. पहिली पखाल राजाने स्वतः भरली.

तेव्हापासून वाळवटातली माणसं तिथेच आहेत, सुखात आहेत, आणि पाहुणा आला की अजून वाट झाडतात. सांगून ऐकतात थोडीच.

झाली गोष्ट. मुक्ते, तांब्यात घोटभर उरलंय ना, ते खिडकीतल्या चिमण्यांच्या वाटीत ओत. आणि ओतलं म्हणून मला सांगत बसू नकोस. ये, झोप आता.