आभाळाकडे धरलेले यंत्र

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध भूशास्त्रज्ञ आणि त्यांचा शिष्य येऊन राहिले. गावाला शाळा बांधायची होती. दोन वर्षे मुले देवळाच्या सभामंडपात बसत होती. नदीपासून बऱ्याच अंतरावर एक सपाट मोकळी जागा होती; पण प्राचीन काळी नदीचे पाणी तिथवर येत होते का, हे आधी पाहायचे होते.

शिष्याजवळ जमिनीचे पोट पाहणारे रडार होते. चाकांवरची ती पेटी जमिनीवरून ओढत न्यायची. ती खाली लहरी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून खालच्या थरांचे चित्र पडद्यावर उमटवते. शिष्याने तीन दिवस दोरी लावून, एकही पाऊल न चुकवता सगळी जागा पालथी घातली. मुलांना शिकवणाऱ्या कुंदाबाई रोज दुपारी चहाची किटली घेऊन येत आणि विचारत, “काय म्हणते जमीन?”

चौथ्या दिवशी त्याने गुरूंपुढे चित्र ठेवले. “सर, जागा निर्धोक आहे. नदीच्या जुन्या पात्राची एकही तिरकी रेघ नाही. नुसत्या सात आडव्या रेघा होत्या, त्या यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणीच्या, जमिनीच्या नव्हेत. त्या मी पुसल्या. बाईंना आजच सांगू?”

वृद्धाने चित्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “पेटी उचल. उलटी धर. तोंड आभाळाकडे.”

“आभाळात काय शोधायचं, सर?”

“धर तर खरं.”

शिष्याने जड पेटी छातीशी उचलून उलटी धरली. तेवढ्यात कुंदाबाई आल्या. “अगंबाई! आता विमानं मोजताय की काय?”

किटली ठेवून त्या मुलांकडे परतल्या. शिष्य ओशाळून हसला. मात्र पडद्यावर उमटलेले चित्र पाहून त्याचे हसू मावळले. पुसलेल्या सातांपैकी वरच्या तीन रेघा आभाळाकडे पाहतानाही जशाच्या तशा होत्या. खालच्या चार नव्हत्या.

वृद्धाने त्याच्या हातातली पेटी घेऊन हळूच खाली ठेवली. “जमिनीपासून दूर नेल्यावरही जी रेघ उरते, ती आपली. जमिनीला टेकल्यावरच जी दिसते, ती तिची. तू दोन्ही एकाच हाताने पुसल्यास. वाहती नदी वाळूचे तिरके थर टाकते, हे तुला ठाऊक होतं. पण पुराचं पाणी दूरवर येऊन नुसतं थांबतं, तेव्हा गाळ सपाट बसतो. आणि बाळा, बाईंना होकार द्यावा असं तुला फार वाटत होतं ना? तीसुद्धा आपलीच गुणगुण. ती चांगली असते, म्हणून ओळखायला जास्त अवघड जाते. माझ्या तरुणपणी मीही पुसलीय अशी एक रेघ.”

शिष्याने कुदळ मागून आणली. कंबरभर खोल खणल्यावर वाळूत बोटभर जाडीचा पिवळसर गाळ लागला. त्याखाली वाळू, पुन्हा गाळ. संध्याकाळपर्यंत चारही थर उघडे झाले.

“मीच सांगतो त्यांना,” तो गुरूंना म्हणाला.

निरोप मिळताच कुंदाबाई आल्या आणि खड्ड्याच्या काठाशी बसल्या. त्यांनी वाकून वरच्या थराला बोट लावले. गाळ पिठासारखा मऊ होता.

“बाई, पाणी इथं निदान चारदा येऊन थांबलंय. कधी, ते आज सांगता येणार नाही. पण शाळा इथं नको.” “परवाच मी मनात होकार देऊन मोकळा झालो होतो.”

बाई बोटाचा गाळ पदराला पुसत म्हणाल्या, “वर मुरमाचा माळ आहे. तिथं बघाल? पोरं चढतील धावत. मी मागून येईन सावकाश.”

शिष्याने हात पुढे केला. तो धरून त्या उठल्या.