वासराकडे न वळलेली गाय

एकदा एका गोपालकाला आपल्याच गोठ्यात पाऊल टाकण्याची भीती वाटू लागली. संगमेश त्याचे नाव. माळावरच्या त्याच्या गोठ्यात सव्वीस गाई होत्या आणि त्या साऱ्या त्याने स्वतः निवडून वाढवलेल्या वंशाच्या. लांबलांबून लोक त्या पाहायला येत. कारण पान्हा सोडण्यासाठी या गाईंना वासरू लागत नसे. कासेला हात लागला की धार सुरू.

ही विद्या त्याला मन्मथअप्पांनी दिली होती. अप्पा वयोवृद्ध, गाईची चाल पाहून तिच्या पोटची कालवड कशी निघेल ते सांगणारे. वीस वर्षांपूर्वी संगमेश शिकायला आला तेव्हा त्यांनी एकच सूत्र सांगितले, "काय हवं ते आधी ठरव. ज्या गाईत ते असेल तिचाच वंश ठेव, बाकीच्या जाऊ दे." शिष्याने ते अक्षरशः पाळले.

त्या वर्षी मात्र लागोपाठ तीन वासरे गेली. जन्मताना वासराच्या अंगावर असलेला पातळ पडदा आई चाटून काढते. इथे तो कोणी काढलाच नाही, आणि वासरे गुदमरली. जनावरांचे डॉक्टर तपासून गेले. गाई निरोगी होत्या. शेवटी संगमेशने अप्पांना बोलावणे धाडले.

दोघे गोठ्यात शिरले तेव्हा ऊन कलले होते. मागच्या कोपऱ्यात मोगरी नावाची पहिलटकरीण अपेक्षेपेक्षा चार दिवस आधीच व्यायली होती. वासरू जमिनीवर पडलेले, नाकातोंडावर पडदा तसाच. मोगरी दोन हात अंतरावर उभी राहून शांतपणे कडबा खात होती.

अप्पांनी धावत जाऊन पडदा फाडला. नाकात फुंकर घातली, छाती चोळली. संगमेशने मागचे पाय धरून वासरू उलटे टांगले. बराच वेळ दोघे झटत राहिले. मग अप्पांनी हात काढून घेतले.

संगमेश उठला आणि कोपऱ्यातली काठी घेऊन गाईवर धावला. "आई आहेस का कोण आहेस तू?"

अप्पा मध्ये आले. त्यांनी काठी हातातून काढून घेतली, डोक्यावरचा रुमाल उतरवला आणि वाकून मोगरीच्या पुढच्या पायांवर कपाळ टेकले.

संगमेशने त्यांना उठवायला हात धरला. "अप्पा, पोटचं मारलं तिनं. आणि तुम्ही तिच्या पाया पडता?"

"तिनं नाही मारलं, लेकरा." अप्पा तिथेच मातीत बसले. "हिच्या खापरपणजीशेजारी बांधलेली ती गाय आठवते तुला? वासरू मेलं तेव्हा तीन दिवस त्या जागेवरून हलली नाही. कुणाला कासेला हात लावू दिला नाही. तू म्हणालास, हट्टी गाय आहे, विकून टाकू. मी मान डोलावली. तशा किती विकल्या आपण! ज्या वासरासाठी हंबरल्या त्या गेल्या. ज्या वासराला विसरल्या त्या ठेवल्या. आपण समजत होतो, दूध निवडतोय. दुधाबरोबर हेही निवडलं जातंय, हे मला दिसायला हवं होतं. मी गुरू होतो."

संगमेश त्यांच्याशेजारी टेकला. "आता उपाय?"

"प्रत्येक वेताला तू हजर राहा. पडदा तू काढ, चीक तू पाज. वासरं जगतील."

"आणि गाई? त्यांना पुन्हा माया येईल?"

अप्पांनी मान हलवली. "ज्यांच्यात ती होती त्यांचा वंशच आपण राखला नाही. आता कुठून आणायची? मी आजवर पुष्कळ गाई सुधारल्या रे. हे मात्र मला परत करता येत नाही."

दोघांनी मिळून माळावर खड्डा खणला. वासराला त्यात ठेवले. माती सारखी करून ते परतले तेव्हा मोगरी दाव्याला हिसके देत हंबरत होती. क्षणभर संगमेशच्या चेहऱ्यावर आशा उमटली. तो धावत तिच्याजवळ गेला.

तिची कास चिकाने तटतटली होती. तिने वासराच्या जागेकडे पाहिलेही नाही. ती बादलीकडे पाहून हंबरत होती.

संगमेश खाली बसला आणि धार काढू लागला. काठी उगारावी असे त्याला पुन्हा कधी वाटले नाही.