अनसूयाबाईंची मिरवणी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा कुणी उघड्या डोक्याने घराबाहेर पडलं, की लोक काळजीने विचारायचे, "घरी सगळं ठीक आहे ना हो?" बायका, पुरुष, म्हातारे, पोरंटोरं, सगळ्यांना टोपी हवीच. त्या काळी एका गावात टोप्यांचा मोठा कारखाना होता आणि तिथे अनसूयाबाई नमुने करायच्या.

नमुने करायच्या म्हणजे काय, तर नवी टोपी कशी दिसेल ते त्या ठरवायच्या. काठ केवढा, गोंडा कुठे, अस्तर कुठल्या रंगाचं, ते आधी बाईंच्या मनात उमटायचं आणि मग सगळा कारखाना कामाला लागायचा. हे काही त्यांना कुणी ताटात वाढून दिलेलं नव्हतं. पोरवयात त्या तिथे गोंडे ओवायला आल्या. मग अस्तरं शिवली, मग कातर हातात घेतली आणि असं करत करत नमुन्यांच्या गादीवर जाऊन बसल्या. बाईंच्या हातात कला होती, खोटं कशाला बोला!

त्या कारखान्याची एक रीत होती. नवी टोपी तयार झाली, की नमुनेवाल्या बाईने ती स्वतःच्या डोक्यावर घालायची आणि आठवड्याच्या बाजारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचं. याला म्हणायचे मिरवणी. लोकांनी वाटेत थांबवून "ही कुठं मिळेल हो?" असं विचारलं, तर ती टोपी कारखान्यात बनायची. कुणी विचारलं नाही, तर ती पेटाऱ्यात जायची. टोपी कुणीही केलेली असो, मिरवायची मात्र नमुनेवालीनेच.

एकदा कारखान्यात मंजुळा नावाची मुलगी कामाला लागली. तिला बाईंनीच हाताशी धरून शिकवलं. पोरगी हुशार निघाली. उरल्यासुरल्या चिंध्या जोडून तिने एक टोपी केली, एका कानावर जरा कललेली. बाईंनी ती कौतुकाने घातली आणि बाजारात गेल्या. अहो, काय सांगू! चार पावलं चालू देईनात लोक. कोपऱ्यावरची भाजीवाली पारूमावशी तर म्हणाली, "बाई, आजवरच्या सगळ्या टोप्यांत हीच खरी टोपी!"

झालं! हे एक वाक्य बाईंच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. हीच खरी? मग माझ्या इतक्या वर्षांच्या टोप्या काय खोट्या? घरी येऊन त्यांनी टोपी काढली, पण वाक्य काही डोक्यातून निघेना. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसं झालं. नाव अनसूया आणि पोटात नुसती असूया!

मंजुळेने दुसरी टोपी केली. ती पहिलीपेक्षा छान होती आणि तिथेच तर खरं दुखणं होतं. बाईंनी तिला डाग लावला नाही, शिवण उसवली नाही, बोटसुद्धा लावलं नाही. फक्त ती घालून निघताना तोंड केलं एरंडेल प्यायल्यासारखं. कपाळाला आठ्या, ओठ खाली, नजर जमिनीवर. लोकांनी पाहिलं आणि वाट सोडून बाजूला झाले. कुणी काही विचारलं नाही. टोपी पेटाऱ्यात गेली.

"लोकांना नाही आवडली गं," बाई म्हणाल्या. "तुझा हात अजून कच्चा आहे."

"असेल, बाई," मंजुळा म्हणाली. "पुन्हा करते."

तिने पुन्हा केली. बाईंनी पुन्हा तोंड वाकडं केलं. पेटारा भरत चालला. मंजुळेचं हसणं कमी झालं, आणि खरं सांगायचं तर ते पाहून बाईंना जरा बरंच वाटायचं. मत्सर असाच असतो हो. दुसऱ्याच्या घरात अंधार पडला, की त्याला आपल्या घरात दिवा लागल्यासारखं वाटतं.

पण बाजारातल्या लोकांना काय ठाऊक, कुठली टोपी कुणाची? त्यांना एवढंच दिसायचं, की या कारखान्याची टोपी घातली की माणसाचं तोंड कडू होतं. "डोकं धरत असेल," लोक म्हणू लागले आणि दुसऱ्या गावच्या टोप्या घेऊ लागले. कारखान्यात माल पडून राहायला लागला.

अशात राजवाड्यातून निरोप आला. राजकन्येच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना टोप्या द्यायच्या होत्या, आणि त्या निवडायला कारभारी स्वतः बाजारात येणार होते.

कारखान्याचे मालक आबा बाईंना म्हणाले, "अनसूयाबाई, तुम्हाला वाईट वाटेल, पण स्पष्ट बोलतो. ही मिरवणी फसली तर नमुन्यांची गादी मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला, ते बाईंनी ओळखलं. त्यांनी जीव ओतून टोपी केली. मोरपंखी मखमल, रुपेरी काठ आणि डाव्या बाजूला नाजूकसा गोंडा. आयुष्यात त्यांनी इतकी सुंदर टोपी केली नव्हती.

बाजाराच्या दिवशी ती घालून बाई निघाल्या. आज हसायचं, असं ठरवून निघाल्या. पण ओठ वर जायलाच तयार होईनात! सवय मोडली होती ना. त्यात मंजुळा मागून येताना दिसली आणि कपाळावरच्या आठ्या आपोआप जागेवर येऊन बसल्या.

पारूमावशीने हाक मारली, "अगं बाई, दाढ दुखतेय का? लवंग देऊ?"

बाजाराच्या टोकाला कारभारी उभे होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. "टोपी दिसायला बरी आहे, पण डोक्याला त्रास होत असावा. लग्नघरात असली तोंडं नकोत आम्हाला."

आबांनी कारभाऱ्यांपुढे हात जोडले. तेवढ्यात मंजुळा पुढे झाली.

"आबा, एकदा मी घालून फिरू का?"

"अगं, तशी रीत नाही."

"फिरू द्या की," कारभारी म्हणाले.

बाईंच्या मनात आलं, आता ही पोर तोंड वाकडं करणार. मी केलं तेच करणार. हिच्या जागी मी असते, तर केलंच असतं! तरी त्यांनी टोपी काढून दिली.

मंजुळेने टोपी हातात घेऊन फिरवून पाहिली. काठावरून बोट फिरवलं. मग ती डोक्यावर ठेवली आणि मान वर करून चालायला लागली. तिचा चेहरा खुलला आणि त्याच्यासोबत टोपीही खुलली. बाया हातातलं काम टाकून बघू लागल्या. पारूमावशी भाजी सोडून धावली, "ए पोरी, ही कुठं मिळेल गं?"

"हीच!" कारभारी म्हणाले. "केली कुणी?"

"आमच्या बाईंनी," मंजुळा म्हणाली.

बाईंना रडू फुटलं. लग्नाच्या टोप्यांचं काम मिळालं होतं, पण मान वर होईना. "आबा, पेटाऱ्यातली एकही टोपी वाईट नव्हती. मीच तोंड वाकडं करून हिंडले."

"मला ठाऊक होतं, बाई," मंजुळा हळूच म्हणाली.

"ठाऊक होतं? मग आज तू का नाही केलंस?"

"आलं होतं की मनात! पण टोपी इतकी सुरेख होती, की तोंड वाकडं राहीना."

आबांनी तिथल्या तिथे रीत बदलली. "अनसूयाबाई, नमुने तुम्ही दोघी मिळून करा. पण मिरवणीचा मान आजपासून मंजुळेचा."

बाई मुकाट्याने हो म्हणाल्या. मान गेल्याचं दुःख झालंच, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं?

पुढच्या बाजारी मंजुळा नवी टोपी घालून निघाली. तिच्या मागून बाईही निघाल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी पेटाऱ्यातली मंजुळेची एक टोपी काढून डोक्यावर घातली होती. हसून हसून गाल दुखत होते, तरी हसत होत्या.

पारूमावशीने विचारलं, "काय बाई, दाढ बरी झाली वाटतं?"

"बरी कसली होतेय!" बाई म्हणाल्या. "फार किडली होती. काढूनच टाकली."

तात्पर्य: दुसऱ्याच्या टोपीखाली जो तोंड वाकडं करतो, त्याला स्वतःच्या टोपीखालीही तेच तोंड घेऊन फिरावं लागतं.